सांधे मोकळे करण्याचा प्रश्न : तिबेटी त्सिगजोंग आणि नाशिकच्या पूरक हालचाली

आसनाभ्यासापूर्वी सांधे हलवून मोकळे करावेत का, करावेत तर कोणत्या क्रमाने, आणि त्या हालचालींचा श्वासाशी काय संबंध ठेवावा, हा प्रश्न मराठी योगवाङ्मयात बहुधा दोन-चार ओळींत आटोपला जातो. आसनांचे फायदे, प्राणायामाचे प्रकार, कुंडलिनीचा मार्ग यांवर पुस्तकांमागून पुस्तके निघाली. मात्र वर्गातली पहिली दहा-पंधरा मिनिटे, ज्यांत साधक पायाची बोटे, घोटे, गुडघे, मनगटे, खांदे आणि मान हलवून घेतात, ती कायम प्रस्तावनेच्या कोपऱ्यात राहिली. या प्रश्नाचा आढावा घ्यायला नाशिक हे सोयीचे ठिकाण आहे. डॉ. विश्वास मंडलिक यांनी १९७८ मध्ये याच शहरात योग विद्या धाम ही संस्था स्थापन केली, तिच्या शिक्षकांनी पुढे गावोगावी वर्ग चालवले, आणि त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीच्या परिसरात उभ्या राहिलेल्या योग विद्या गुरुकुलात परदेशी विद्यार्थीही येऊ लागले. मंडलिक यांना योगप्रसारासाठीचा पंतप्रधान पुरस्कार २०१८ मध्ये मिळाला. नाशिककडच्या या वर्गांमध्ये आसनांआधीच्या हालचालींना ‘पूरक हालचाली’ म्हणतात, आणि इतरत्र त्यांना ‘शिथिलीकरण’, ‘सूक्ष्म व्यायाम’ किंवा ‘चालनक्रिया’ अशी नावे आहेत. नावे निरनिराळी असली तरी त्यांमागे एक समान गृहीत आहे, ते असे की या हालचाली प्राचीन हठयोगाचाच भाग आहेत. हे गृहीत तपासायचे तर हिमालयापलीकडच्या एका परंपरेकडे आधी पाहावे लागते, कारण सांधे मोकळे करणे हा विधीचा स्वतंत्र, नाव असलेला आणि मोजलेला टप्पा म्हणून तिथे स्पष्टपणे आढळतो.

तिबेटी बौद्ध आणि बोन या दोन्ही परंपरांत शरीराच्या हालचालींवर आधारलेल्या योगाला ‘त्रुलखोर’ म्हणतात आणि संस्कृतात त्यासाठी ‘यंत्र’ हा शब्द वापरला जातो. येथे यंत्र म्हणजे पूजेतली भौमितिक आकृती नव्हे. देह एका ठरलेल्या रीतीने फिरवून त्यातील नाडी आणि वायू यांवर काम करणारी हालचाल, असा त्याचा अर्थ आहे. या योगाची जी शाखा आज जगभर सर्वांत अधिक शिकवली जाते ती ‘सूर्य-चंद्रांचा संयोग’ अशा अर्थाच्या नावाच्या एका ग्रंथावर उभी आहे, आणि परंपरा तो ग्रंथ आठव्या शतकातील भाषांतरकार वैरोचन यांच्याकडे नेते. नामखाई नोर्बू (१९३८–२०१८) हे पूर्व तिबेटातील देर्गे येथे जन्मलेले आणि पुढे इटलीत नेपल्स येथे प्राध्यापक झालेले आचार्य; त्यांनी १९७० च्या दशकापासून हा ग्रंथ पाश्चात्त्य विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकवला आणि त्यावर सविस्तर भाष्य लिहिले. त्यांच्या मांडणीनुसार या पद्धतीत एकूण १०८ क्रिया असून मुख्य यंत्रे ७५ आहेत. मुख्य यंत्रांच्या आधी प्रथम नऊ श्वासांनी शिळा वायू बाहेर टाकला जातो, नंतर सांधे मोकळे करणाऱ्या पाच हालचाली येतात, ज्यांना ‘त्सिगजोंग’ म्हणतात, त्यानंतर वायू शुद्ध करणाऱ्या आठ हालचाली म्हणजे ‘लुंगसांग’, आणि मग नाड्यांना वळण लावणाऱ्या पाच हालचाली म्हणजे ‘त्सादुल’.

या क्रमातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्सिगजोंग श्वासाच्या दोन टप्प्यांच्या मध्ये बसवलेले आहे. त्याच्या आधी श्वास धुऊन घेतला जातो आणि त्याच्या नंतर श्वासालाच वळण लावले जाते, त्यामुळे सांध्यांची हालचाल कधीही श्वासापासून सुटी पडत नाही. हात उचलताना श्वास आत घेणे, वाकताना बाहेर सोडणे आणि दोन्हींची लांबी सारखी ठेवणे हा या पाच हालचालींचा गाभा आहे. मुख्य यंत्रांत श्वास पाच निरनिराळ्या प्रकारे रोखण्याची शिकवण असते, आणि ते रोखणे हालचालीच्या नेमक्या कोणत्या क्षणी घडावे हेही ठरलेले असते. तेव्हा ज्याला साधा आत-बाहेर श्वासही हालचालीच्या वेगाशी जुळवता येत नाही त्याने पुढे जाऊ नये, हा नियम आपोआप निघतो. थोडक्यात, त्सिगजोंगमध्ये सांधा मोकळा होतो हे खरे असले तरी साधकाची परीक्षा तिथे सांध्यांवर होत नाही, लयीवर होते.

सांध्यांची ही काळजी तिबेटी परंपरेत का शिरली याचे एक व्यावहारिक कारण त्रुलखोरच्या प्रगत अंगात आहे. नारोपाच्या षड्धर्मांपैकी तुम्मो म्हणजे आंतरिक उष्णतेची साधना. तिच्या आधी त्रुलखोरच्या क्रिया केल्या जातात, आणि त्यांत ‘बेब’ नावाची क्रिया असते. साधक पद्मासनात बसून पोटात वायू घडा भरल्याप्रमाणे कोंडतो, त्या स्थितीत अंग उचलून उसळी घेतो आणि मांडी न सोडता पुन्हा जमिनीवर आदळतो. गुडघे, घोटे, खुबे आणि कंबरेचे मणके यांवर पडणारा हा भार लहान नाही. दीर्घ एकांतवासातील साधक ही क्रिया वर्षानुवर्षे करतात, आणि ज्या परंपरेत अशी क्रिया आहे तिने सांध्यांसाठी वेगळा टप्पा राखून ठेवला यात आश्चर्य वाटू नये. ल्हासा येथील लुखांग मंदिराच्या वरच्या दालनातील भित्तिचित्रांत त्रुलखोरच्या मुद्रा रंगवलेल्या आहेत, पण शतकानुशतके त्या दलाई लामांच्या खासगी साधनेपुरत्या राहिल्या. गुरूकडून प्रत्यक्ष दीक्षा घेतल्याशिवाय या क्रिया दाखवू नयेत असा दंडकच होता. उघड शिकवण्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरुवात झाली आणि त्यातही प्राथमिक टप्पेच पुढे आले, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘पाच तिबेटी व्यायाम’ या नावाने मराठी वाचकांपर्यंत जे काही पोहोचले आहे त्याचा उगम पीटर केल्डर यांच्या १९३९ मधील इंग्रजी पुस्तिकेत आहे. जागच्या जागी गोल फिरण्यापासून सुरू होणारे हे पाच व्यायाम कोणत्याही ज्ञात तिबेटी ग्रंथात किंवा मठातील परंपरेत दाखवता आलेले नाहीत. पाच हा आकडा त्सिगजोंगमध्येही आहे एवढ्यावरून दोन्हींचा संबंध जोडला जातो तो निराधार आहे. नाशिककरांची तिबेटी माणसांशी ओळख बहुतेक हिवाळ्यात शरणपूर रोडवरच्या तिबेटियन मार्केटमधील स्वेटरांपुरती असते, आणि महाराष्ट्रातील तिबेटी निर्वासितांची वसाहत दूर गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ नोरग्येलिंग येथे आहे. अशा परिस्थितीत ‘तिबेटी’ हे विशेषण कोणत्याही व्यायामाला चिकटवले तरी खपून जाते, यात नवल नाही.

आता भारतीय हठग्रंथांकडे वळावे. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेत १५ आसने सांगितली आहेत, घेरंडसंहितेत ३२; पण आसनांआधी घोटा किंवा खांदा फिरवावा असे दोन्हींत कुठेही आलेले नाही. घेरंडसंहिता शुद्धीला पहिले स्थान देते खरे, परंतु ती शुद्धी धौती, बस्ती, नेती अशा षट्क्रियांची आहे, सांध्यांची नव्हे. आसनाने स्थैर्य, आरोग्य आणि अंगाचा हलकेपणा येतो असे हठप्रदीपिका म्हणते, म्हणजे तिच्या दृष्टीने अंग मोकळे होणे हे आसनाचे फळ आहे, त्याची पूर्वअट नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील योगवर्णनही बैठक, बंध आणि कुंडलिनी यांच्या वाटेने जाते. हातपाय हलवून घेण्याचा टप्पा त्यात येत नाही. पूरक हालचाली शास्त्रोक्त हठयोगाचा भाग आहेत हे विधान त्यामुळे ग्रंथांच्या आधाराने टिकत नाही, आणि ते पाठ्यपुस्तकांतून सरळ काढून टाकण्यास हरकत नसावी.

असे असले तरी भारतीय हठयोग आणि तिबेटी त्रुलखोर यांच्यात भिंत होती असे समजण्याचे कारण नाही. ‘अमृतसिद्धि’ हा अकराव्या शतकाच्या सुमाराचा ग्रंथ हठयोगाच्या पद्धती मांडणारा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ मानला जातो; त्याची संस्कृत आणि तिबेटी अशी दोन्ही भाषांतील जोडप्रत सापडली असून त्याची जडणघडण वज्रयानी बौद्ध वातावरणात झाली, हे जेम्स मॅलिन्सन आणि पेतर-दानिएल सांतो यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत दाखवून दिले आहे. महामुद्रा, महाबंध आणि महावेध ही त्रयी या ग्रंथातून पुढे नाथपंथी हठग्रंथांत आली. हठप्रदीपिकेतील महावेधात दोन्ही तळहात जमिनीवर टेकून नितंब हलकेच आपटण्याची क्रिया सांगितली आहे, आणि ती वाचताना तिबेटी बेबची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, जरी एकीत हलका आघात आणि दुसरीत पूर्ण उसळी असा फरक असला तरी. गोरक्षनाथ तिबेटी परंपरेतल्या चौऱ्यांशी सिद्धांच्या यादीतही आहेत. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना दीक्षा दिली ही वारकरी संप्रदायाची श्रद्धा, निवृत्तिनाथांची तिथली समाधी, आणि सिंहस्थाच्या वेळी त्र्यंबकहून मंगळूरच्या कद्रीपर्यंत पायी जाणारी नाथजोग्यांची झुंडी ही सर्व लक्षात घेता, नाशिकचा प्रदेश त्या जुन्या सिद्धपरंपरेच्या एका शाखेवरच वसलेला आहे असे म्हणता येते. मात्र त्या शाखेतून सांधे मोकळे करण्याचा टप्पा येथे आला असे दाखवणारा पुरावा नाही. आलेले आहे ते बंध आणि मुद्रांचे धन.

मग या हालचाली आल्या कुठून? उत्तराचा एक धागा पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. ‘हठाभ्यासपद्धति’ हा कपालकुरंटक याच्या नावावरचा, बहुधा अठराव्या शतकातला ग्रंथ तिथल्या हस्तलिखितात जपला गेला, आणि जेसन बर्च व मार्क सिंगलटन यांच्या अभ्यासामुळे तो अलीकडे चर्चेत आला. त्यात ११२ आसने आहेत आणि ती उताणी, पालथी, स्थिर, उभी, दोरावरची अशा गटांत लावलेली आहेत. त्यांतली बरीचशी एकाच जागी निश्चल बसण्याची नसून पुन्हा पुन्हा करण्याची आहेत. दोरावर चढणे, भिंतीच्या आधाराने पाय टाकणे, वारंवार उठणे-बसणे अशा क्रियांमध्ये तालमीतला घाम स्पष्ट दिसतो. शिवाय हा ग्रंथ आसनांनी देह बळकट करून मग षट्क्रियांकडे जावे असे सांगतो, म्हणजे शरीराला पुढच्या कामासाठी तयार करण्याची कल्पना यात आहे. हठयोग आणि मराठी मुलखातली व्यायामसंस्कृती यांची गाठ इंग्रजी राजवटीच्या आधीच पडू लागली होती, हे अनुमान त्यावरून काढता येते.

तालमीची ही बाजू नाशिक जिल्ह्यात पुष्कळ जुनी आहे. समर्थ रामदासांनी नंदिनी-गोदावरीच्या संगमावर टाकळी येथे बारा वर्षे तप केले आणि त्या काळात सूर्यनमस्कारांचा मोठा नेम पाळला असे परंपरा सांगते. तिथला गोमय मारुती आजही दाखवला जातो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या पुन्हा उभी केली, आणि हैदराबादेकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारल्यावर ते वणीच्या सप्तशृंगीपाशी उपासनेला गेले व तिथे त्यांना मारुतीकडून मल्लखांबाची प्रेरणा मिळाली, अशी कथा आहे. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी मल्लखांब हा सांध्यांना विशेष कसोटीला लावणारा प्रकार आहे हे उरतेच. लाकडी खांबाला पायाच्या आढीने धरून डोके खाली सोडणारा खेळाडू घोटा, गुडघा आणि खुबा एकाच वेळी पिळतो, म्हणून अंग तापवल्याशिवाय खांबाला हात लावू नये हा व्यायामशाळांचा अलिखित नियम झाला. नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेसारख्या संस्थांनी ही शिस्त जपली. अंगाला तेल चोळणे, मनगटे आणि मान फिरवणे, थोड्या बैठका आणि जोर, मग मुख्य मेहनत, हा तालमीचा क्रम आहे, आणि आजच्या पूरक हालचालींचे खरे माहेर बहुतांशी इथे आहे.

विसाव्या शतकात ही तालमीची शिस्त योगवर्गात शिरली ती सरळ रस्त्याने नाही. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) हे बडोद्याच्या प्रा. माणिकरावांकडे व्यायामविद्या शिकलेले, आणि त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून आसनांचे प्रयोगशाळेत परीक्षण सुरू केले. असे असूनही योगासन आणि स्नायूंचा व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकामागून एक लगेच करू नयेत, मध्ये काही काळ जाऊ द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या मते आसनाचा हेतू मज्जासंस्था आणि अंतःस्रावी ग्रंथी यांवर परिणाम करण्याचा असल्याने स्नायू दमवून किंवा नाडी वाढवून आसनाला बसणे उलट कामाचे ठरते. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनीही वेगळी पूर्वतयारी ठेवली नाही. उभी आसनेच देहाला जागे करतात असा त्यांचा पवित्रा होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या प्रचारामुळे सूर्यनमस्कार घराघरांत गेला, आणि पुढे अनेक वर्गांत तोच पूर्वतयारी म्हणून वापरला जाऊ लागला. महाराष्ट्रातील योगाच्या दोन सर्वांत वजनदार घराण्यांनी सांधे मोकळे करण्याच्या स्वतंत्र टप्प्याला जागा दिली नव्हती, ही गोष्ट आजच्या वर्गांत क्वचितच सांगितली जाते.

तो टप्पा आला उत्तरेकडून. धीरेंद्र ब्रह्मचारी यांनी ४८ सूक्ष्म व्यायाम आणि ५ स्थूल व्यायाम यांची एक मालिका मांडली. ती कंठापासून आणि डोक्यापासून सुरू होऊन पायाच्या बोटांपर्यंत उतरते आणि तिच्यात श्वास जोराने घेण्या-सोडण्याला बरेच स्थान आहे. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी १९६९ च्या आपल्या पुस्तकात पवनमुक्तासनांची मालिका दिली आणि तिचा पहिला गट संधिवाताच्या रुग्णांसाठी म्हणून ठेवला. हा गट उलट्या दिशेने, म्हणजे पायाच्या बोटांपासून वर, गुल्फ, जानू, श्रोणी, मुष्टी, मणिबंध, कोपर, स्कंध आणि शेवटी ग्रीवा असा चढतो. बंगळूरच्या विवेकानंद योग अनुसंधान संस्थेने शिथिलीकरण व्यायाम अशी आणखी एक मांडणी केली, ज्यात जागच्या जागी धावणेही येते. आयुष मंत्रालयाने २०१५ पासूनच्या आंतरराष्ट्रीय योग दिनासाठी जो सामायिक योगाभ्यासक्रम ठरवला त्यात प्रार्थनेनंतर चालनक्रिया आहेत, आणि त्या मान, खांदे, कंबर, गुडघे अशा वरून खाली जातात. म्हणजे गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतल्या या मांडण्यांचे दिशेबद्दलही एकमत नाही. खालून वर जाण्याचा एक व्यावहारिक फायदा असा, की बसून पाय पसरल्यावर साधक पहिल्यांदा हृदयापासून दूरच्या आणि कमी जोखमीच्या सांध्यांवर काम करतो, आणि सर्वांत नाजूक मानेपर्यंत पोहोचतो तेव्हा अंगात थोडी ऊब आलेली असते. नवशिक्यांच्या आणि वयस्करांच्या वर्गात हा क्रम अधिक शहाणपणाचा आहे.

नाशिकच्या वर्गांतला टप्पा या सर्व प्रवाहांच्या संगमावर उभा आहे. उदाहरणादाखल घोट्याची एकच हालचाल जवळून पाहता येते. साधक पाय समोर पसरून, दोन्ही हात मागे टेकून बसतो. टाचा जमिनीवर, दोन पायांत थोडे अंतर. आता पायाचे पंजे पुढे ढकलताना श्वास सोडायचा आणि अंगाकडे ओढताना श्वास घ्यायचा असतो, आणि मग उजवा घोटा वर्तुळात फिरवताना वर्तुळाचा वरचा अर्धा भाग श्वास घेण्यात आणि खालचा अर्धा सोडण्यात जायला हवा. प्रत्यक्षात काय घडते? शिक्षक ‘एक, दोन, तीन, चार’ असा ठेका धरतो, साधक त्या ठेक्यावर पंजा भरभर फिरवतात, घोट्याऐवजी पूर्ण पायच खुब्यातून लोळतो, गुडघा आत-बाहेर डुलतो, आणि श्वास कुठेतरी मध्येच अडकून राहतो. दहा आवर्तने झाली की दुसरा पाय. हा ठेका शाळेतल्या कवायतीचा आहे. कवायतीत आकडा शरीराला हाकतो. त्सिगजोंगमध्येही मोजणी असते, परंतु ती श्वासाच्या लांबीची मोजणी असते आणि हालचाल त्या लांबीत बसवली जाते. या एका फरकामुळे दोन्ही पद्धतींतली हालचाल बाहेरून सारखी दिसली तरी आतून भिन्न होते. तिबेटी परंपरेतून नाशिकच्या वर्गांनी काही उचलायचे असेल तर ते हे आहे, वैरोचनाचे नाव किंवा पाच हा आकडा नव्हे.

कवायतीचा ठेका कुठून आला हेही उघड आहे. १९३० च्या दशकात शाळांतून एकत्र व्यायाम घेण्याची मोठी चळवळ झाली. कुवलयानंदांचे ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक त्या काळातले, आणि मुंबई इलाख्याच्या सरकारने १९३७ मध्ये शारीरिक शिक्षणाबद्दल नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच होते. शेकडो मुलांकडून एका मैदानावर हालचाल करून घ्यायची तर हुकूम आणि आकडे लागतातच. अडचण एवढीच, की शंभर मुलांसाठी योग्य असलेली रीत पंधरा प्रौढांच्या वर्गात तशीच चालू राहिली.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने या हालचालींचे काम काय, याबद्दल वर्गांतून जे सांगितले जाते त्यात खरे आणि कल्पित यांची सरमिसळ असते. हातापायांच्या बहुतेक सांध्यांत हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि पोकळीत सायनोव्हियल नावाचा वंगणासारखा द्रव असतो. प्रौढ माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते या द्रवातूनच, आणि सांधा दाबला जाणे व मोकळा होणे या आलटून-पालटून होणाऱ्या क्रियेने तो द्रव कूर्चेत आत-बाहेर होतो. हालचालीने हा द्रव पातळ होऊन सांध्यातला घर्षणाचा विरोध कमी होतो, त्यामुळे सकाळी उठल्यावरचा आखडलेपणा काही आवर्तनांनंतर कमी वाटतो, हे प्रत्यक्षात घडते. आयुर्वेदाने सांध्यांतल्या वंगणाला ‘श्लेषक कफ’ म्हटले आणि सुश्रुताने शरीरात २१० संधी मोजले. आधुनिक गणनेशी तो आकडा जुळावा अशी अपेक्षा नाही, पण सांधा ओला राहतो म्हणून चालतो ही समज तिथे आहे. उलट, सांध्यांतून ‘विषद्रव्ये बाहेर पडतात’ किंवा बोटे मोडल्यावर येणारा कडकड आवाज म्हणजे अडकलेला वायू सुटण्याची खूण आहे, अशा समजुतींना आधार नाही. तो आवाज द्रवात क्षणभर तयार होणाऱ्या पोकळीचा असतो आणि तो आला नाही म्हणून हालचाल वाया गेली असे होत नाही.

परिणामांच्या पुराव्याकडे पाहिले तर चित्र संमिश्र आहे. बंगळूर येथे गुडघ्याच्या झिजेच्या २५० रुग्णांवर केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या व्यायामोपचारापेक्षा सैल करणाऱ्या हालचाली, आसने, प्राणायाम आणि ध्यान यांच्या एकत्रित कार्यक्रमाने वेदना आणि अकार्यक्षमता अधिक कमी झाल्याचे दिसले. पण कार्यक्रम एकत्रित असल्याने त्यातला किती वाटा सैल करणाऱ्या हालचालींचा हे सुटे करता येत नाही. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात २००४ मध्ये लिंफोमाच्या ३९ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात सात आठवड्यांच्या तिबेटी योगाने झोप सुधारली, मात्र चिंता, नैराश्य आणि थकवा यांत फरक पडला नाही. त्याच केंद्राच्या २०१८ मधील, केमोथेरपी घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या २२७ स्त्रियांवरील चाचणीत गटांमध्ये एकूण झोपेचा मोठा फरक दिसला नाही, आणि फायदा टिकला तो आठवड्यातून किमान दोनदा सराव चालू ठेवणाऱ्यांना. या दोन्ही अभ्यासांत सांध्यांचे मोजमाप झालेले नाही, हे तिबेटी योगाच्या जाहिराती वाचताना विसरू नये. खेळाच्या क्षेत्रात पूर्वतयारीची बाजू अधिक भक्कम आहे. फुटबॉलसाठी बनवलेल्या ‘इलेव्हन प्लस’ या हालचालींच्या कार्यक्रमाने तरुण मुलींच्या संघांतील एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००८ मधील नॉर्वेतल्या मोठ्या चाचणीत आढळले. त्यात हलके धावणे, ताकद आणि तोल यांचे व्यायाम होते. केवळ सांधे फिरवणे नव्हते.

एक स्थानिक गोष्ट या चर्चेत सहसा येत नाही, ती म्हणजे हवामान. निफाडच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा एक आकडी अंशांवर येतो आणि नाशिक शहरातही पहाटेचा गारठा बोचरा असतो; अशा वेळी साडेपाचच्या वर्गात शतपावली किंवा जागच्या जागी चालणे न घेता थेट फरशीवरच्या सतरंजीवर बसून घोटे फिरवणे अपुरे पडते, कारण बसून केलेल्या हालचालींनी सांधा सैल होतो, पण स्नायूंचे तापमान फारसे वाढत नाही. मे महिन्यात तीच दहा मिनिटे पुरतात. बारा महिने एकच वेळापत्रक लावणे ही सोय आहे, शास्त्र नव्हे. मानेच्या बाबतीत तर अधिक दक्षता हवी. मान पूर्ण वर्तुळात गरागरा फिरवण्याची सवय जुन्या वर्गांत रुजलेली आहे. मणक्यांची झीज, चक्कर किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्या माणसाने मान पुढे-मागे, डाव्या-उजव्या बाजूला आणि वळवून अशा सुट्या दिशांनी, डोळे उघडे ठेवून आणि श्वास चालू ठेवूनच हलवावी, आणि पूर्ण वर्तुळ सोडून द्यावे.

या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. पूरक हालचाली हठग्रंथांतल्या नाहीत, तिबेटहून आलेल्याही नाहीत. त्या तालीम, कवायत आणि विसाव्या शतकातील योगशिक्षकांचा अनुभव यांच्या मिश्रणातून घडल्या, आणि यात त्यांना कमीपणा येण्यासारखे काही नाही. प्राचीनतेचा दाखला मिळत नाही म्हणून त्या टाकून देण्याचे कारण नाही, तसेच तो दाखला खोटा लावण्याचीही गरज नाही. नाशिकमध्येच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा योगशिक्षक पदविकेचा अभ्यासक्रम चालतो, आणि योग विद्या धामचे ‘योग प्रवेश’पासून ‘योग पंडित’पर्यंतचे टप्पे आहेत, त्यांच्या पुस्तकांच्या पुढच्या आवृत्तीत प्रत्येक पूरक हालचालीपुढे आवर्तनांच्या आकड्याऐवजी श्वास कुठे घ्यावा, कुठे सोडावा आणि कोणी ती करू नये, एवढ्या तीन गोष्टी छापल्या जाव्यात, आणि शिक्षकांनी पहिल्या पंधरा मिनिटांत ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणणे थांबवावे.